पिवळ्या कार्डाची गोष्ट

आमच्या लेकीला डाऊन सिंड्रोम आहे हे आम्हाला ती दोन महिन्यांची असतानाच कळलं होतं. दिव्यांग प्रमाणपत्र मात्र काढलं ती सहा वर्षांची झाल्यावर. मधल्या काळात काय केलं तर थेरपीचे पैसे भरले, बस. नंतर कळलं की बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र वर्षाच्या बाळालाही मिळतं, पाच वर्षांच्या आतल्या मुलांना तात्पुरतं देतात. म्हणजे आम्ही पाच वर्षं उगाच घालवली, आणि त्याला सरकार जबाबदार नाही, आम्हीच जबाबदार. सासूबाई म्हणायच्या, एकदा कागदावर लिहिलं की पुसता येत नाही गं. मी त्यांच्याशी वाद घालायचे, पण आतून मलाही तेच वाटायचं.

जानेवारी २०२३ मध्ये शाळेत समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षिका आल्या होत्या, त्यांनी एकच प्रश्न विचारला, युडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा नंबर काय आहे? मी म्हटलं, नाहीये. त्यांनी वहीत काहीतरी खुणा केल्या आणि म्हणाल्या, ताई, याच्याशिवाय तुमची मुलगी आमच्या यादीत दिसतच नाही. ते वाक्य डोक्यात राहिलं. तरी हालचाल करायला जून उजाडला.

हे सगळं लिहितेय कारण मी सुरू केलं तेव्हा मला एका ठिकाणी, एका माणसाने सगळं सांगितलं असं कधीच झालं नाही. तहसीलच्या माणसाला हॉस्पिटलचं माहीत नसतं, हॉस्पिटलच्या माणसाला इन्कम टॅक्सचं माहीत नसतं, ऑफिसच्या एचआरला तर कशाचंच माहीत नसतं. आम्ही महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात राहतो, जिल्हा साठ किलोमीटर, नवऱ्याची प्रायव्हेट नोकरी, मी घरी. तुमची परिस्थिती वेगळी असेल तर काही गोष्टी तुम्हाला जास्त मिळतील, काही कमी.

१२ जून २०२३ ला स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे प्रमाणपत्र आणि ओळखपत्रासाठीच्या सरकारी वेबसाइटवर, अर्ज भरायला बसले. अर्ज फुकट आहे, हे आधी सांगते, कारण नंतर हॉस्पिटलच्या गेटबाहेर एक माणूस भेटला होता जो तीन हजारात सगळं करून देतो म्हणत होता. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा, सहीच्या जागी अंगठा, आणि जवळचं सरकारी हॉस्पिटल निवडायचं. मोबाइलवरून करू नका, मध्येच पेज अडकतं आणि सगळं परत भरावं लागतं, मला तीनदा लागलं. पण खरा घोळ वेगळाच निघाला. जन्मदाखल्यावर नाव एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, आणि आधारही अजून लहानपणीचं निळंच, बोटांचे ठसे नसलेलं. पाच वर्षं पूर्ण झाली की ठसे द्यावे लागतात, ते आम्ही दिलेलेच नव्हते. ठसे फुकट झाले, स्पेलिंग दुरुस्तीचे तेव्हा पन्नास रुपये लागले. ठसे देताना लेक मशीनला टाळी देत होती, त्यामुळे चाळीस मिनिटं लागली, ऑपरेटर दादा मात्र शांत होता. तेव्हा आधी आधार नीट करा, मगच पोर्टल उघडा. नाहीतर पुढे प्रत्येक ठिकाणी ते स्पेलिंग आडवं येतं.

५ जुलैला, बुधवारी, पहिल्यांदा जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलला गेलो. दिव्यांग बोर्डाचे, म्हणजे अपंगत्वाची टक्केवारी ठरवणाऱ्या डॉक्टरांचे, वार ठरलेले असतात, आमच्याकडे बुधवार होता, फोन करून विचारूनच जा. सकाळी सहाची एसटी, साडेआठला रांगेत, टोकन ६३. पंखा एक आणि माणसं दोनशे. कुणी वॉकरवर, कुणी आईच्या कडेवर चौदा वर्षांचं पोर, आणि त्यात माझी लेक प्रत्येकाला हात हलवून हाय म्हणत फिरतेय. दीड वाजता नंबर आला. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, डाऊन सिंड्रोमचा रिपोर्ट असला तरी टक्केवारी त्यावर ठरत नाही, बुद्ध्यांक आणि सामाजिक परिपक्वतेची चाचणी लागेल, ती करणारं पद आमच्याकडे रिकामं आहे, तुम्ही मेडिकल कॉलेजला जा. आधी कान आणि डोळे तपासून घ्या असंही लिहून दिलं. कान-डोळे त्याच दिवशी झाले, तेवढं एक बरं झालं. मेडिकल कॉलेज शेजारच्या जिल्ह्यात. तारीख मिळाली २४ ऑगस्ट.

त्या मधल्या सात आठवड्यांत मी काय केलं असेल तर नेटवर त्या चाचण्यांबद्दल वाचलं. व्हाइनलँड म्हणून एक प्रश्नावली असते, तिच्या भारतीय आवृत्तीत आईवडिलांनाच प्रश्न विचारतात. मुलाला काय काय स्वतःचं स्वतः करता येतं, त्यावरून एक आकडा निघतो. ५५ ते ६९ आला तर ५० टक्के, ३६ ते ५४ आला तर ७५ टक्के, २१ ते ३५ म्हणजे ९० टक्के, त्याच्या खाली १०० टक्के. ७० ते ८४ आला तर २५ टक्के, म्हणजे लाभ जवळजवळ काहीच नाही कारण बहुतेक सगळीकडे किमान ४० टक्के लागतात. हे वाचल्यावर माझ्या डोक्याचं भजं झालं. म्हणजे लेकीला जितकं कमी येतं तितका कागद चांगला? सहा वर्षं मी तिला बटण लावायला शिकवतेय, चमच्याने खायला शिकवतेय, आणि आता कुणीतरी विचारणार की येतं का, आणि मी काय सांगू?

एका ओळखीच्या आईने सल्ला दिला की तिला त्या दिवशी उपाशी, झोपेतली ने, काहीच करणार नाही. तिचा हेतू वाईट नव्हता. मी तसं केलं नाही, पण विचार केला नाही असं म्हणणार नाही.

२४ ऑगस्टला मेडिकल कॉलेजात चाचणी घेणाऱ्या मॅडमनी लेकीशी जवळजवळ तासभर घालवला. ठोकळे, चित्रं, मणी ओवणं. ती घरी पाच ठोकळ्यांचा मनोरा करते, तिथे तीन केले आणि चौथा मॅडमच्या पर्समध्ये टाकला. मग मला प्रश्न. स्वतः जेवते का, सांडतं का, संडासला सांगते का, बटण लावते का, शेजारी एकटी जाते का, धोका कळतो का. मी प्रत्येक उत्तराला 'हो पण' म्हणत होते. हो पण मी बाजूला असले तर. हो पण मोठं बटण असेल तर. शेवटी मॅडम पेन खाली ठेवून म्हणाल्या, ताई, ती तुमच्या मदतीने काय करते ते नकोय मला, तुम्ही नसताना काय करते ते सांगा. आणि मग मी खरं सांगितलं. बटण नाही लावत. एकटी जात नाही. धोका कळत नाही, रस्त्यावर पळत सुटते. बोलता बोलता रडले, त्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला, बहुतेक रोजचंच असेल त्यांना. आकडा ४८ आला. म्हणजे ७५ टक्के.

मला वाटतं हेच कुणीतरी आधी सांगायला हवं होतं की तिथे मुलाची बाजू मांडायची नसते. ते कौतुकाचं ठिकाण नाही आणि परीक्षाही नाही. तुम्ही रोज जे जे करता त्याची यादी घरीच लिहून न्या, अंघोळ, कपडे, रात्री उठणं, सगळं, कारण आपल्याला इतकी सवय झालेली असते की आपण करतोय हेच लक्षात राहत नाही.

रिपोर्ट घेऊन १३ सप्टेंबरला परत जिल्ह्याला. बालरोगतज्ज्ञ रजेवर. सहीशिवाय होणार नाही. साठ किलोमीटर परत. पुढच्या बुधवारी जाऊ म्हटलं तर लेकीला ताप. शेवटी ४ ऑक्टोबरला गेलो आणि चक्क अकरा वाजता मोकळे झालो, सह्या झाल्या, माहिती पोर्टलवर चढवतो म्हणाले. मी तिथल्या क्लार्क भाऊंना विचारलं किती दिवस, तर म्हणाले नेट असेल तर आज, नसेल तर देव जाणे. २७ ऑक्टोबरला पोर्टलवर प्रमाणपत्र आणि ई-कार्ड दिसलं. प्लास्टिकचं कार्ड पोस्टाने जानेवारी २०२४ मध्ये आलं. त्याची वाट बघत बसायची गरज नव्हती, ई-कार्डची प्रिंट सगळीकडे चालली, हे मला उशिरा कळलं.

कार्ड पिवळं आहे. ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० पिवळं, ८० आणि वर निळं. प्रमाणपत्रावर खाली लिहिलंय की दहा वर्षांची झाल्यावर परत तपासणी. आणि मग अठराव्या वर्षी, ते मात्र कायमचं. नवरा म्हणाला, हिची गुणसूत्रं दहाव्या वर्षी बदलणारेत काय? पण नियम तसा आहे, कारण टक्केवारी आजाराची नसते, काय जमतं त्याची असते.

आता पैसे. खरं सांगायचं तर कार्ड आलं म्हणून कुठूनही आपोआप एक रुपया येत नाही. प्रत्येक सवलतीचं दार वेगळं, आणि प्रत्येक दारावर परत तेच झेरॉक्स.

पहिलं आणि सगळ्यात सोपं निघालं प्रोफेशन टॅक्स. महाराष्ट्रात पगारातून दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात ना, वर्षाचे २,५००, तो बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या पालकांना माफ आहे. कायद्याचं कलम २७अ. नवऱ्याच्या एचआरने सरळ सांगितलं असं काही नसतं. मग कायद्याच्या त्या पानाची प्रिंट, प्रमाणपत्राची कॉपी आणि एक साधा अर्ज दिला, दोन महिन्यांनी कापायचं थांबलं. २,५०० ही काही मोठी रक्कम नाही. पण सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मान्य केलं की आमचा खर्च इतरांपेक्षा वेगळा आहे, त्या महिन्याची पगाराची स्लिप मी जपून ठेवलीय.

दुसरं, १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्याचं कलम ८०डीडी. ४० टक्क्यांच्या वर ७५ हजार आणि ८० च्या वर सव्वा लाख उत्पन्नातून वजा होतात, प्रत्यक्ष खर्च किती झाला त्याची बिलं दाखवावी लागत नाहीत. प्रमाणपत्र त्या आर्थिक वर्षात हातात पाहिजे, आमचं ऑक्टोबरला झालं म्हणून २०२३-२४ साठी मिळालं. रिटर्नमध्ये आता युडीआयडी नंबर विचारतात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा एकापेक्षा जास्त अपंगत्व असेल तर तेव्हा फॉर्म १०-आयए सुद्धा भरावा लागायचा, आम्हाला लागला नाही. आमचा कर वीस टक्क्यांच्या टप्प्यात होता, सेस धरून १५,६०० वाचले. पण यात एक गोम आहे, ही वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते, आणि आता नवीनच आपोआप लागू होते, जुनी हवी असेल तर तसं सांगावं लागतं. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत करच नाही, त्यामुळे आमच्यासारख्यांना ८०डीडीचा आता काही उपयोग उरला नाही. ज्यांचं उत्पन्न जास्त आहे त्यांनी दोन्ही पद्धतींनी हिशोब करून बघा, सीएच्या भरवशावर राहू नका, आमच्या सीएला तर आम्हीच सांगितलं.

तिसरं निरामया. हा केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा आरोग्य विमा आहे, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांतल्यांसाठी. वर्षाला एक लाखापर्यंत, आधी मेडिकल चेकअप नाही, आणि मुख्य म्हणजे ओपीडी आणि थेरपीचेही पैसे मिळतात जे आपला नेहमीचा मेडिक्लेम सहसा देत नाही. दारिद्र्यरेषेच्या वरच्यांना नोंदणी ५०० रुपये, नंतर दरवर्षी २५०. दारिद्र्यरेषेखालच्यांना २५० आणि ५०. नोंदणीकृत संस्थेमार्फत अर्ज करायचा. मी फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले तर तिथल्या ताई म्हणाल्या, थांबा, पॉलिसी ३१ मार्चला संपते, आता पैसे भरून महिनाभरच मिळेल, एप्रिलमध्ये या. त्यांना काय गरज होती सांगायची, पण सांगितलं.

आधी खिशातून भरायचं, मग क्लेम. पहिला क्लेम फेटाळला गेला. स्पीच थेरपीच्या बिलांवर थेरपिस्टचा पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक नव्हता, नुसता क्लिनिकचा शिक्का. चार महिन्यांची बिलं परत करून घेतली, थेरपिस्ट बाई जरा वैतागल्या. दुसऱ्यांदा पाठवल्यावर अकरा आठवड्यांनी ६,८०० जमा झाले. थेरपीसाठी आत वेगळी मर्यादा असते, त्यामुळे पूर्ण एक लाख थेरपीला मिळतील असं समजू नका. पहिल्या दिवसापासून प्रत्येक बिलावर नाव, तारीख, नोंदणी क्रमांक आणि सही घ्या, आणि डॉक्टरने थेरपी लिहून दिल्याची चिठ्ठी जोडा.

संजय गांधी निराधार योजनेत आम्ही बसत नाही. दिव्यांगांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार आहे, म्हणजे महिना चार हजारांच्या आसपास, यात खरं तर कोण बसतं देव जाणे. पण आमच्या गल्लीतल्या एका ताईंचा मोठा मुलगा त्यात आहे, त्या धुणीभांडी करतात. त्यांच्या कागदांसाठी मी बरोबर गेले होते, कारण तोवर मला तहसीलच्या सगळ्या खिडक्या पाठ झालेल्या. तलाठ्याचा अहवाल, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, बँक खातं आधारला जोडलेलं, आणि दरवर्षी हयातीचा दाखला. तो द्यायचा राहिला की पैसे बंद, आणि का बंद झाले ते कुणी कळवत नाही. त्यांचे दोन महिने असेच गेले होते.

नगरपरिषदेचं मात्र अनपेक्षित निघालं. स्थानिक स्वराज्य संस्थांना, ग्रामपंचायतीलासुद्धा, आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. आमच्याकडे पहिल्यांदा विचारलं तेव्हा साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा अशी काही योजना नाही. तिसऱ्यांदा लेखी अर्ज देऊन पोच घेतली. पोच घेतली की आवाज बदलतो, हा माझा या तीन वर्षांतला सगळ्यात मोठा शोध. यादीत नाव लागलं, २०२४ च्या दिवाळीआधी खात्यात ३,००० आले. दुसऱ्या नगरपरिषदेत, महापालिकेत याहून बरंच जास्त किंवा कमी असू शकतं, प्रत्येकाचं वेगळं आहे.

प्रवासाचं थोडक्यात. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत, ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबतच्यालाही ५० टक्के. मला तशीही महिला म्हणून अर्धंच तिकीट, त्यामुळे फायदा झाला तो नवऱ्याला. रेल्वेत बौद्धिक अक्षमता असलेल्यांना आणि सोबतच्याला स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के, पण तिथे युडीआयडी पुरत नाही, रेल्वेच्या नमुन्यातला वेगळा दाखला सरकारी डॉक्टरकडून घेऊन त्यावरून रेल्वेचं ओळखपत्र काढावं लागतं. तो नमुना पहिल्याच बुधवारी प्रिंट काढून नेला असता तर एक खेप वाचली असती. तुम्ही न्या.

आणि ज्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते सांगते. जिल्ह्याच्या हॉस्पिटलात, बोर्डाच्या खोलीपासून चार दारं सोडून, लहान मुलांचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र होतं, डीईआयसी म्हणतात. तिथे थेरपी फुकट मिळते. आम्ही सहा वर्षं महिन्याला आठ हजार बाहेर भरत होतो. अंगणवाडीत तपासणीला येणारं पथक तिथेच पाठवतं मुलांना, पण आमची लेक त्या दिवशी कधी अंगणवाडीत नव्हतीच, कारण आम्ही तिला प्रायव्हेट प्लेग्रुपला घातलं होतं, चांगलं म्हणून.

सगळा हिशोब करून ठेवलाय. प्रमाणपत्रापर्यंत सात खेपा, त्यात प्रवास, झेरॉक्स, बाहेरचं जेवण मिळून चार हजार दोनशे, आणि नवऱ्याच्या पाच रजा. आतापर्यंत हातात आलेलं किंवा वाचलेलं त्याच्या बरंच वर आहे, पण थेरपीच्या एका वर्षाच्या खर्चाच्या निम्म्याला पण पोचत नाही.

घरात आता एक निळी फाइल आहे. प्रमाणपत्राच्या दहा कॉप्या, आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुकचं पहिलं पान, सहा पासपोर्ट फोटो, आणि सगळ्या पोचपावत्या तारखेप्रमाणे. सासूबाईंनीच त्यावर पांढरी पट्टी चिकटवून नातीचं नाव लिहिलंय. कपाटाच्या दाराला आतून दोन तारखा लावल्यात, ३१ मार्च निरामयासाठी, आणि ऑगस्ट २०२७, दहाव्या वर्षाची तपासणी. बटण आता ती लावते. वरची दोन, खालची अजून नाही. तेव्हा परत विचारतील तर तेच सांगेन.